चूल, बंब आणि किचनची चिमणी: घरच्या घरी काय तपासायचं आणि कोणाला कधी बोलवायचं

चिमणी म्हटलं की आता लोकांच्या डोळ्यासमोर ओट्यावरची ती काचेची मशीनच येते, पण आपल्या खानदेशात बऱ्याच घरांमध्ये मागच्या पडवीत चूल अजून आहेच. उज्ज्वला 2016 ला आली, गॅस घरोघरी आला, तरी खापरावरची पुरणपोळी गॅसवर कोण करतं, आणि भरीताची वांगी गॅसवर भाजली तर जुनी माणसं ताटातच बोट फिरवत बसतात. वर हिवाळ्यात अंघोळीला बंब, नाहीतर गॅस गीझर. म्हणजे एकाच घरातून धूर आणि वाफ बाहेर जायचे दोन-तीन रस्ते असतात आणि त्यातला एकही कोणी तपासत नाही, जोपर्यंत सून सांगत नाही की "भाऊ, धूर मांगे ई ऱ्हायना" (धूर मागे येतोय) तोपर्यंत तर नाहीच.

मी पत्र्याचं काम करतो, म्हणजे डक्ट, धुराचे पाईप, वरच्या टोप्या वगैरे बनवून बसवतो, जळगाव, भुसावळ, यावल या पट्ट्यात. त्यामुळे लोकांच्या घरातलं काळं काळं सगळं बघायला मिळतं. माझं एकच सांगणं आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावरच आहे: जमिनीवर उभं राहून, सगळं थंड असताना, डोळे, नाक आणि बॅटरी वापरून जेवढं कळतं तेवढीच तपासणी तुमची. पत्र्यावर चढणं, पाईप उकलणं, मोटर खोलणं, भिंत कोरणं हे तुमचं काम नाही, भले तुम्ही कितीही हुन्नरी असा. आणि खरं सांगतो भो, कामाच्या बहुतेक गोष्टी खालूनच कळतात.

कधी बघायचं

अमेरिकेत एनएफपीए 211 म्हणून अग्निसुरक्षेचं एक स्टँडर्ड आहे, त्यात चिमणीची वर्षातून एकदा तपासणी सांगितलीय. तिकडे ते थंडीच्या आधी करून घेतात. आपलं कॅलेंडर वेगळं आहे, माझ्या मते आपल्याकडे दोनदा बघावं. एकदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, कारण तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, चूल दिवसभर चालू, आणि बाहेर उन्हाने कडबा, काटक्या, गोठ्याचं छप्पर सगळं इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरे. दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या फराळाला हात घालायच्या आधी, कारण पावसात टोपी सरकते, पाणी आत जातं, पक्षी घरटी करून ठेवतात. श्रावणात कानबाईचे रोट करायला वर्षभर बंद असलेली चूल काढणार असाल तर तेव्हा तर नक्कीच बघा, बंद पडलेलं धुराडं चालू धुराड्यापेक्षा जास्त फसवतं.

किचनच्या चिमणीला सणवार नाही, तिचं दर महिन्याला.

वेळ सकाळची धरा. मे महिन्यात दुपारी पारा 44-45 ला गेल्यावर गच्चीकडे बघवत पण नाही, आणि दुपारी वावटळी उठतात तेव्हा धुराची कुठलीच टेस्ट खरी येत नाही.

धोका दोन प्रकारचा आहे, लोकांना एकच माहिती असतो

पहिला आगीचा. लाकूड अर्धवट जळतं तेव्हा धुरात डांबरट वाफा असतात, त्या वर जाताना पाईप थंड लागला की आतून चिकटतात आणि त्याचीच काजळी होते. ही काजळी स्वतः जळणारी वस्तू आहे हेच लोक विसरतात. चुलीतला जाळ मोठा झाला, एखादी ज्वाळा वर पोचली की पाईपाच्या आतच आग लागते आणि तिथली उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. ओलं जळण असेल तर काजळी जास्त. कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून त्याच आठवड्यात चुलीत घालतात बघा, आतून हिरव्या असतात त्या, जाळ कमी आणि धूर जास्त, वरून तोंडावर झाकण ठेवून चूल मंद धुमसत ठेवायची सवय. काजळी बनवायची याच्यापेक्षा सोपी पद्धत नाही. जळणात पाणी 20 टक्क्यांच्या खाली पाहिजे असं म्हणतात, घरी मोजायला मशीन नसतं पण काडी वाकवल्यावर वाकत राहिली तर ओली आणि कटकन मोडली तर वाळलेली, एवढं पुरतं.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोराने धरून ठेवतं, म्हणून माणूस श्वास घेत असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, घरच्यांना वाटतं पित्त झालंय. आणि धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं अजिबात नाही, उलट लालभडक निखाऱ्यातून धूर जवळजवळ येतच नाही आणि हा गॅस मात्र येत राहतो. थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ते याच्यामुळेच.

हात लावायच्या आधी

चूल किंवा बंब आदल्या दिवसापासून बंद ठेवा, राखेखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो, पूर्ण चोवीस तास गेलेले बरे. जुना फुल बाह्यांचा शर्ट, एन 95 मास्क (रुमालाने काजळीची पूड अडत नाही), डोळ्याला साधा गॉगल, हातात मोजे. बॅटरी, हातभर लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, एक छोटा आरसा, फोन. चुलीसमोर जुनं पोतं अंथरा. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं दुसऱ्या खोलीत. बस.

आता वर चढायचं का याबद्दल. नाही. सिमेंटचे पत्रे वरून एकदम मजबूत दिसतात पण दहा-पंधरा उन्हाळे काढलेला पत्रा माणसाच्या वजनाने मधोमध फुटतो, काहीच कुरकुर न करता. धाब्याच्या जुन्या घरावर पण तेच, वरची माती सपाट दिसते, खालची कडी वाळवीने खाल्लेली असते. आणि गल्लीतली लाइटची तार घराच्या कोपऱ्यावरून गेलेली असते तिथे लोखंडी शिडी किंवा लांब पाईप उभा करायचा विचार पण करू नका. वरचं बघायला फोनचा झूम आहे ना, शेजारच्यांच्या गच्चीवरून फोटो काढा. पक्का स्लॅब, जिना आणि कठडा असेल तर मात्र निवांत जाऊन बघा, त्यात काही नाही.

चुलीचं धुराडं

सुरुवात चुलीपासून नाही, भिंतीपासून करा. धुराडं भिंतीतून किंवा छतातून जिथे बाहेर जातं तिथे आजूबाजूला काळे-पिवळे डाग, फुगलेला रंग, ओघळ दिसतात का. पावसाचं पाणी आत उतरून काजळीत मिसळलं की भिंतीवरून चहाच्या चोथ्यासारखे तांबूस काळे ओघळ येतात आणि वास असा उग्र येतो की पावसाळ्यात पडवीत बसवत नाही. हे दिसलं म्हणजे वरची टोपी गेलीय नाहीतर पाईपाच्या भोवतीचं सिमेंट सुटलंय, दोन्हीपैकी एक.

मग लाकूड. हा मुद्दा खानदेशात सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. धाब्याच्या घरात पाईप छतातून वर काढताना लाकडी कड्या आणि फळ्यांच्या मधून काढलेला असतो आणि मधली फट मातीने लिंपलेली असते. पाईप एकपदरी पत्र्याचा असेल तर लाकडापासून त्याला दीड फूट अंतर पाहिजे असं एनएफपीएच्या नियमात आहे, आपल्याकडे दीड बोट पण नसतं. वर्षानुवर्षं लाकूड शेकत राहिलं की ते आतून कोळशासारखं होत जातं आणि मग आधीपेक्षा कमी उष्णतेला पेट घ्यायला लागतं, म्हणजे वीस वर्षं काही झालं नाही हा पुरावा नाही, उलट वीस वर्षं झाली म्हणूनच काळजी. बॅटरी मारून बघा, पाईपाजवळचं लाकूड बाकीच्या लाकडापेक्षा काळपट, भेगाळलेलं, हलकं वाटतंय का. चूल चालू असताना एखाद्या दिवशी त्या लाकडाजवळ (पाईपाला नाही) हात नेऊन बघा, हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर चूल तिथेच थांबवायची आणि गवंडी बोलवायचा. यात "आखाजी झाल्यावर बघू" चालणार नाही.

यानंतर आतली बाजू. फोनचा व्हिडिओ चालू करा, फ्लॅश चालू, आणि धुराड्याच्या खालच्या तोंडातून कॅमेरा वर करून दहा-पंधरा सेकंद धरा, हळूहळू फिरवा. मग बाहेर येऊन निवांत बघा. सरळ धुराडं असेल तर वरती उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर एकतर मध्ये वळण आहे नाहीतर काहीतरी अडकलंय. साळुंकीची घरटी मी कितीदा काढलीत, काड्या, पिसं, प्लास्टिकच्या पिशव्या, एकदा तर अख्खा मुलांचा मोजा. घरट्यात पिल्लं असतील तर उडून जाईपर्यंत चूल बंद ठेवा. मोहोळ असेल तर खालून धूर करायचा शहाणपणा नको, मध काढणारा जाणकार माणूस बोलवा.

आता काजळी. हात पोचेल तिथे स्क्रू ड्रायव्हरने हलकं खरवडा (जुना सिमेंटचा पाईप असेल तर नाही, ते पुढे सांगतो). भुरभुरीत काळी पूड पडली तर ठीक, ती ब्रशने निघते. कडक, चमकणारे पापुद्रे निघाले तर साफसफाई लांबलीय. आणि खरवडून काहीच निघत नसेल, आतून काच ओतल्यासारखा जाड चकचकीत थर असेल, तर ते सगळ्यात वाईट, ते साध्या ब्रशने निघत नाही आणि पेटलं तर थांबत नाही. थर किती जाड? 3 मिलिमीटर, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते जवळपास तेवढी जाडी झाली की पुढचा जाळ करायच्या आधी साफ करायचं. चकचकीत असेल तर 3 मिलिमीटरची पण वाट बघायची नाही.

पत्र्याचा पाईप असेल तर लाकडाच्या काठीने हलकं वाजवून बघा, मोकळा पाईप खणखणतो, भरलेला बद्द आवाज देतो. जोडांपाशी आणि शिवणीवर गंज बघा. रात्री लाईट बंद करून खालून आत बॅटरी धरायची आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने पाईपाकडे बघायचं, जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथूनच धूर पण घरात येतो. ही टेस्ट मला सगळ्यात आवडते, फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

जुना सिमेंटचा पाईप असेल तर थांबा

ऐंशीच्या दशकात सरकारची सुधारित चुलींची योजना आली होती, 1983 च्या सुमाराला, निर्धूर चूल म्हणायचे. त्या चुलींना वर काढायला सिमेंटचा करड्या रंगाचा पाईप दिलेला असायचा आणि तसले पाईप अजून कितीतरी घरांत उभे आहेत, चूल बदलली तरी पाईप तोच. त्या पाईपात ॲस्बेस्टॉस असतं. नुसता उभा आहे तोवर फार त्रास नाही, पण तो कापला, ठोकला, तारेच्या ब्रशने कोरडा घासला की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात, वर्षांनी आजार काढतात. म्हणून तो वाजवायचा नाही, खरवडायचा नाही, ड्रिल तर अजिबातच नाही. बाहेरून तडा दिसतो का एवढंच बघा. तडा असेल तर बदलायचाच, आणि बदलणाऱ्याला आधीच सांगा की हा जुना सिमेंटचा आहे, पाणी मारून ओला ठेवून, न फोडता अख्खा उतरव.

धूर मागे का येतो

पाईप साफ आहे, तरी धूर घरात. हे लोकांचं ठरलेलं गाऱ्हाणं. याची दोन कारणं मी सारखी बघतो. एक म्हणजे उंची. गरम हवा हलकी असते म्हणून वर जाते, पाईप जेवढा सरळ आणि उंच तेवढी ओढ चांगली. तिकडचा नियम असा की छतातून पाईप जिथे बाहेर येतो तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा 2 फूट वर. आपल्याकडे काय होतं, तुम्ही पाईप बसवला तेव्हा बरोबर होता, मग शेजारच्या नानांनी दुसरा मजला चढवला, वारा त्या भिंतीवर आपटून खाली दबतो आणि धूर तुमच्याच चुलीत परत. यात चूल फोडून काही उपयोग नाही, पाईप वाढवावा लागतो, आणि वाढवलेल्या पाईपाला तारांचे ताण पण द्यावे लागतात नाहीतर पहिल्याच वादळात शेजारच्या अंगणात.

दुसरं कारण एक्झॉस्ट फॅन. एकाच बंद खोलीत चूल आणि एक्झॉस्ट दोन्ही चालू असतील आणि खिडक्या बंद असतील तर फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, आणि तेवढी हवा कुठूनतरी आत यायला लागते ना, मग ती धुराड्यातूनच येते, धूर घेऊन. हेच किचनच्या मोठ्या चिमणीमुळे पण होतं आणि बाथरूमच्या एक्झॉस्टमुळे पण.

तपासायचं असं: कूलर, पंखे, एक्झॉस्ट सगळं बंद, दार नेहमीसारखं. थंड चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. मग एक वर्तमानपत्राचं पान जाळून बघा. मग एक्झॉस्ट चालू करून परत उदबत्ती. धुराची दिशा बदलली की समजायचं भांडण कुठे आहे ते, आणि तो स्वयंपाक होईपर्यंत एक खिडकी उघडी ठेवली तरी बऱ्याचदा भागतं.

किचनची चिमणी

आधी प्लग काढा किंवा एमसीबी पाडा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. फिल्टर काढा. बॅफल म्हणजे स्टीलच्या वळणदार पट्ट्या असतील तर कडक गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड, थोडा खायचा सोडा, अर्धा-पाऊण तास भिजवून ब्रश. जाळीचा ॲल्युमिनियमचा फिल्टर असेल तर कॉस्टिक सोडा चुकूनही नको, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, जाळी काळी पडून भुगा होते. कार्बन फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

ऑटोक्लीनवाल्यांनी जास्त लक्ष द्या, कारण त्यांना वाटतं मशीन सगळं आपोआप करते. ती आतल्या पंख्याजवळचं तेल तापवून वितळवते आणि खालच्या वाटीत सोडते, ती वाटी रिकामी तुम्हालाच करायची असते. शिवाय पंख्याच्या पुढचा डक्ट ती साफ करत नाही, आणि आग डक्टमध्येच जास्त धोक्याची. शेवभाजीची तर्री, मिरचीची फोडणी, आठवड्याला भज्यांचं तळण, हे सगळं तेल वाफ होऊन तिथेच जाऊन बसतं.

डक्ट कसा बघायचा? कपाटाचं वरचं दार उघडा आणि जोडाखाली बोट फिरवा. चिकट काळसर थेंब बोटाला लागला तर जोड सुटलाय आणि तेल ट्रॉलीच्या प्लायवूडमध्ये मुरतंय. मग बघा पाईप कसला आहे. चिमणीचं तोंड 6 इंची आणि पुढे गवंड्याने 4 इंची पीव्हीसी टाकलेला, हे मला दर तिसऱ्या घरात दिसतं आणि माझं डोकं फिरतं. 6 इंची गोलाचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच, 4 इंचीचं साडेबारा, म्हणजे निम्म्याहून कमी, मग चिमणी आवाज करते आणि ओढत नाही आणि लोक कंपनीला शिव्या देतात. त्यात पीव्हीसी तापून मऊ पडतो आणि पेटला तर त्याचा धूर विषारी. ॲल्युमिनियमचा लवचिक किंवा पत्र्याचा डक्ट घ्या, कमीत कमी वळणं, आणि शेवट घराच्या बाहेर. "बाहेर" म्हणजे खरंच बाहेर, पीओपीच्या छतात नाही. असं पण पाहिलंय, छत उघडलं तर वर तेलाचा लगदा आणि त्यातूनच लाइटची वायर गेलेली.

बाहेरच्या टोकाची झडप आपोआप उघडते-मिटते का बघा, कबुतरं तिथे टपून असतात. ओढ बघायला चालू चिमणीखाली टिश्यू पेपर धरा, फिल्टरला चिकटून राहिला पाहिजे. शेगडी आणि चिमणीमधलं अंतर बहुतेक कंपन्या 65 ते 75 सेंटिमीटर सांगतात, तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघून घ्या. आणि कृपा करून लाकडाच्या चुलीवर ही इलेक्ट्रिक चिमणी लावू नका, हल्ली फार्महाऊसवर हौसेने लावतात, ठिणगी सरळ तेलकट फिल्टरमध्ये जाते.

बंब आणि गॅस गीझर

बंब बाथरूमच्या आत असेल तर बाहेर काढा. उघड्या ओसरीत, अंगणात ठेवा. बंबाच्या मधल्या नळीत राखेचा गोळा बसतो तेवढा थंड असताना काढायचा, बाकी बघण्यासारखं काही नाही. गॅस गीझरचं पण तेच, बाथरूमच्या बाहेर बसवलेला बरा. आतच असेल तर वरची जाळी उघडी पाहिजे, ती थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली मी बघतो, तो पुठ्ठा आजच काढा. बादली भरा, गीझर बंद करा, मग आत जा. ज्योत निळी पाहिजे. पिवळी, फडफडणारी असेल, गीझरवर काजळी दिसत असेल तर वापर बंद. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म ऑनलाइन मिळतो, बंब-गीझरवाल्या घरात तो घ्यावाच असं माझं मत आहे.

कोणाला बोलवायचं

आपल्याकडे चिमणी साफ करणारा असा एकच माणूस नसतो, त्यामुळे लोक भलत्यालाच बोलवतात. विटांचं धुराडं, तडा, छतातली फट, लाकूड शेकतंय: गवंडी, आणि तोही धाब्याचं काम केलेला. पाईप, टोपी, उंची वाढवणं, किचनचा डक्ट बदलणं: फॅब्रिकेशनवाला. किचन चिमणीची मोटर, सेन्सर, शॉक बसणं: कंपनीचा टेक्निशियन, वॉरंटीत असेल तर दुसऱ्या कोणाला खोलूच देऊ नका. नंबर वॉरंटी कार्डवरचा घ्या, इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो नको, तिथे खोटे कस्टमर केअरवाले बसलेत, ओटीपी मागतात. चिमणी चालू केली की एमसीबी पडतो किंवा अर्थिंगच नाही: वायरमन. गीझर, रेग्युलेटर, नळी: गॅस एजन्सीचा मेकॅनिक.

ताबडतोब बोलवायची कारणं वेगळी आणि त्यात घासाघीस नको: चकचकीत काजळी, तापणारं लाकूड, तडा गेलेला पाईप, धूर एकदम मागे यायला लागणं, चूल पेटली की घरात दोघा-तिघांचं डोकं दुखणं, पाईप तिरपा होणं, वीज पडून किंवा वादळात टोपी उडणं.

माणूस आला की आधी विचारा, साफ करायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो देशील का. देणारा माणूस चांगला. फुंकणीने वरवर काजळी उडवून पैसे मागणारे पण फिरतात, आणि स्वस्तात चिमणी धुवून देतो म्हणून ॲसिड मारणारे पण. त्याहून वाईट सल्ला म्हणजे खालून पाचट पेटवा, धुराडं आपोआप मोकळं होतं. मोकळं होतं ना, पण तुम्ही मुद्दाम चिमणीत आग लावलेली असते, वरती धाबा लाकडाचा आणि शेजारी गंज कडब्याची. रॉकेल, डिझेल ओतणं तर बोलायलाच नको. काम झालं की पैसे द्यायच्या आधी चूल पेटवून दाखवायला सांगा.

पेटलंच तर

धुराड्यातली आग आधी ऐकू येते, घोंघावल्यासारखा मोठा आवाज, पाईप थरथरतो, कधी लाल होतो, वरून ठिणग्या. घरातले सगळे बाहेर, 101 नाहीतर 112. जवळ जाण्यासारखं असेल तरच चुलीचं तोंड पत्र्याने झाकून हवा बंद करा, नाहीतर सोडून द्या. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतायचं नाही, एकदम वाफ होऊन विटा फुटतात आणि ती वाफ तोंडावर येते. गोठा लागून असेल तर गुरं सोडा.

किचनमध्ये कढई पेटली तर गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण, पाणी अजिबात नाही. चिमणी चालू राहिली तर ती ज्वाळा ओढून डक्टमध्ये नेते. आग डक्टमध्ये गेली की तुमचं काम संपलं, मेन स्विच हाताशी असेल तर पाडा आणि बाहेर पडा. गॅसचा वास येत असेल तर कुठलंच बटण दाबू नका, बाहेर येऊन 1906 ला फोन करा. बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध पडलेलं असेल तर दार उघडून श्वास रोखून त्याला ओढत मोकळ्या हवेत आणा आणि 108 लावा, आत बसून पाणी मारत बसू नका, तुम्ही पण पडाल.

एकदा आग लागून विझलेलं धुराडं बाहेरून जसंच्या तसं दिसतं, आतल्या विटांना तडे गेलेले असतात, पत्र्याचे जोड सुटलेले असतात. गवंड्याने किंवा पाईपवाल्याने आतून बघून हो म्हणेपर्यंत त्यात परत जाळ करायचा नाही, घरात पाहुणे असले तरी नाही, तोपर्यंत पुरणपोळी तव्यावरची खाऊ घाला.